नवे शॉकअप बसवले, तरी आईला दवाखान्यात नेता आलं नाही

मंडळी, आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहितोय.

आईच्या मणक्याचं दुखणं वाढलंय. घाटघरहून जुन्नरच्या दवाखान्यात नेताना आमच्या जुन्या जीपमध्ये ती खड्ड्याखड्ड्याला कळवळते. म्हणून सकाळी आळेफाट्याला जाऊन चारही शॉकअप नवे बसवले, मागच्या स्प्रिंगचे पाटेही बदलले. येताना डांबरी रस्त्यावर गाडी एकदम मऊ चालली. लई बरं वाटलं राव.

दुपारी आईला उशा लावून गाडीत बसवलं आणि अगदी हळू निघालो. गावाबाहेरच्या पहिल्याच उताराला ती ओरडली.

"थांबव रं. मागं फिर."

"आई, डॉक्टर वाट बघत्यात."

"गाडी चांगली केलीस बाळा. पर माझ्या हाडातच आता जीव न्हाई. मला कुठं नेऊ नको."

मी गाडी वळवली. दुसरं काय करणार?

आता ती आतल्या खोलीत कण्हतेय आणि मी ओट्यावर बसलोय. अॅम्ब्युलन्स बोलवा म्हणू नका, तीही याच रस्त्यानं जाणार. तुमच्यापैकी कुणी असं दुखणारं माणूस इतक्या लांब नेलंय का? कसं नेलंत?