हिरोईन आणि शांतता समिती

प्रत्येक समाजाची गोष्ट त्या समाजाच्याच तोंडून जगासमोर यायला हवी. आमच्या गावात हे तोंड कोणाचं, ते पोलीस ठाण्यानं फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. सणाच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. प्रत्येक समाजाचा एक माणूस जातो, चहा पितो, शांतता राखू असं सांगून परत येतो. एखादा मेला तरच जागा रिकामी होते, आणि तिथं त्याचा मुलगा बसतो.

मागच्या वर्षी पुण्याहून एक दिग्दर्शिका माहितीपट करायला आली. आमच्या भागात होणार होता आणि कधीच झाला नाही, अशा एका चित्रपटावर. "गावातला प्रत्येक समाज पडद्यावर दिसला पाहिजे," असं तिनं ग्रामपंचायतीत सांगितलं. गावानं शांतता समिती पाठवून दिली.

खरं तर सांगण्यासारखं होतं ते फक्त आमच्या शेजारच्या वहिनींकडे. मी कॉलेजात असताना ती चित्रपटवाली मंडळी चारठाण्याच्या देवळांत जागा बघत हिंडत होती. वहिनी नव्यानंच लग्न होऊन आलेल्या, दर्शनाला गेलेल्या. मंडळींतल्या मुख्य माणसानं त्यांना तिथंच नायिका म्हणून पसंत केलं आणि एक वाक्य पुन्हापुन्हा म्हणून घेतलं : "धनी, भाकरी वाढू का?" मी त्या गृहस्थाच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो आणि आपण चित्रपटसृष्टीत आलो असं समजत होतो. मग त्यांचे पैसे संपले, मंडळी गेली. वहिनींनी सगळं मनानंच रचलं, असं गावानं ठरवलं. छत्री धरणाऱ्याची साक्ष कोण मानतो?

तेव्हापासून पिठाच्या गिरणीत त्यांचं स्वागत ठरलेलं. "हिरोईन आली रे, बारीक दळा!" तेच वाक्य त्या जन्मभर घरात म्हणत राहिल्या, पण तिथं कॅमेरा नव्हता. आता एकदा ते कॅमेऱ्यासमोर म्हणायचं आणि गावाला खरं काय ते दाखवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

शूटिंगच्या दिवशी त्या इरकल नेसून सकाळपासून पारावर बसल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांचा किराणावाला दीर होता, समितीतला लिंगायत समाजाचा माणूस. त्यांना खोटं पाडण्यात सगळ्यात पुढं तोच असायचा. "लय मोठा पिच्चर होणार होता," तो सांगत होता.

मी दिग्दर्शिकेला वहिनी दाखवल्या. तिला मनापासून वाईट वाटलं. "काका, लिंगायत समाजाचे एक झालेत हो. स्त्रियांची एक जागा आहे, पण..."

"बायांची मी हाय की," सरपंचबाई म्हणाल्या. माईक त्यांनी आधीच लावून घेतला होता.

"तुमची काय आठवण?"

चित्रपटाच्या वेळी सरपंचबाई सेलूला माहेरी पाळण्यात होत्या. त्यांनी जरा विचार केला.

"मलाच हिरोईन घेणार होते."

कुणी हसलं नाही. समितीनं माना डोलावल्या. शांतता राखणं हे तिचं कामच आहे. दिग्दर्शिकेनं वय विचारलं नाही. बाईला वय विचारू नये, एवढी ती सुसंस्कृत होती.

वहिनी उठल्या. "ओ बाई, ती मी हाय!"

"वैनी, गप बसा," दीर म्हणाला. "तुमचा आवाज यायलाय त्यात."

माहितीपट शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावरही त्या होत्या, सरपंचबाईंच्या खांद्यामागे, अस्पष्ट, तोंड उघडलेल्या. आवाज काढून टाकला होता. सर्व समाजघटकांना स्थान दिल्याबद्दल या माहितीपटाला पुढं बक्षीसही मिळालं.

जे गावाला इतकी वर्षं पटलं नव्हतं, ते एका संध्याकाळीत पटलं : गावातली बाई हिरोईन होणार होती. आता गिरणीत सरपंचबाईंचा डबा आला की गिरणीवाला म्हणतो, "हिरोईनबाईंचं आधी घ्या." वहिनींना हल्ली कुणी हिरोईन म्हणत नाही. त्यांचा डबा रांगेत असतो.