याकोमिनाचं छत कोण गुंडाळतं

याकोमिना विसे एकतीस वर्षं जकात खात्यात होती. इंग्लंडला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर हात पाठीमागे बांधून ती उभी राहिली, की भलेभले ट्रकवाले उगाचच खिसे चाचपायला लागत. माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं, हे ती नव्या पोरींना शिकवायची. चीजच्या चाकांत सिगारेटी, शवपेटीत घड्याळं, असलं बरंच काही तिने शोधून काढलं होतं. मग निवृत्ती आली, नवरा मारिनुसबरोबर तिने एक जुना कॅम्पर, म्हणजे आतच राहता येईल अशी गाडी, घेतला, आणि दर जूनला दोघं वाल्खरेनच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांमागच्या एका कॅम्पिंगवर सहा आठवडे मुक्काम ठोकू लागली. खातं सुटलं, पण नजर तशीच राहिली.

कॅम्परच्या कुशीला लावलेलं गुंडाळीचं कापडी छत हे तिचं खास राज्य. हँडल फिरवून ते बाहेर काढायचं, पुढच्या दांडीतले दोन पाय खाली सोडायचे, मेखा ठोकायच्या, वरून पट्टा ताणायचा. यातल्या कशालाही मारिनुसने हात लावायचा नाही. त्याचीही तक्रार नव्हती. छताखाली बसून शब्दकोडं सोडवायला मिळालं म्हणजे झालं.

त्या वर्षी आठव्या दिवशी दोघं सायकलवरून परतली, तेव्हा छत तिरकं होतं. डावा पाय बोटभर खाली आलेला.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"मी तुझ्याबरोबरच तर होतो, मिना."

"पाय आपोआप खाली येत नाही. खटका दाबावा लागतो."

दुपारी एक सर येऊन गेली होती. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बरं झालं, पाणी एका बाजूने निथळून गेलं, मध्ये साचून कापडाला पोट सुटलं नाही. याकोमिनाला मात्र फक्त खटका दिसत होता. कोणीतरी तो दाबला होता.

तीन दिवसांनी याहून वाईट झालं. बाजार करून येतात तो छत पूर्ण गुंडाळलेलं, मेखा एका ओळीत मांडलेल्या, खुर्च्या मिटून कॅम्परला टेकवलेल्या. हँडल दाराच्या उजव्या आकड्याला अडकवलेलं. ती ते नेहमी डाव्याला अडकवायची.

"चोर खुर्च्या मिटून ठेवत नाहीत," मारिनुस म्हणाला.

"हुशार चोर ठेवतात. आपण किती वेळ बाहेर असतो, परत आल्यावर काय करतो, ते आधी बघतात."

"आणि आपल्याकडे नेणार काय? माझं शब्दकोडं?"

ती शेजारच्या कॅम्परकडे बघत होती. तिथे लीव्हेन ब्लोंडेल नावाचा एक बेल्जियन माणूस एकटाच राहत होता. साठीला आलेला, रुंद खांद्यांचा, मातीत काम केल्यासारख्या जाड बोटांचा. सगळ्यांना हसून नमस्कार करायचा, हिला मात्र नाही. ही समोर आली की तो पाण्याची बादली उचलून चालू लागायचा. पहिल्या दिवशी तर तिला बघून तो जागच्या जागी थबकला होता. ते तिने तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

"त्याच्या पोटात काहीतरी आहे," ती म्हणाली.

"पोटात त्याच्या शिंपले आहेत. रोज शिजवतो, वास येतो."

"रिनुस, ज्याच्या मनात काही नाही तो नजर चुकवत नाही."

मारिनुसने चष्मा काढून पुसला. असं तो वाद घालायचा कंटाळा आला की करायचा.

तिने सापळा लावायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी छत उघडून, मेखा ठोकून, ती शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने ओरडली, "चल रे, आज मिडलबर्गला! संध्याकाळशिवाय येत नाही आपण!" फाटकाबाहेर दोनशे मीटरवर गेल्यावर तिने सायकल उभी केली.

"तू हो पुढे. कॉफी पी."

"मिना, तू आता नोकरीत नाहीस."

"कॉफी पी म्हटलं ना."

मागच्या वाटेने येऊन ती रानगुलाबाच्या कुंपणाआड बसली. तासभर काहीच झालं नाही. काटे टोचले, गुडघे आखडले, एका कुत्र्याने येऊन हुंगून पाहिलं. लीव्हेन आपल्या दारात बसून शेंगा सोलत होता. मग समुद्राकडून वारा सुटला. आधी गवत आडवं झालं, मग छताच्या कडेची झालर फडफडू लागली, मग सगळं कापडच श्वास घेतल्यासारखं वर-खाली व्हायला लागलं. लीव्हेनने आभाळाकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. पातेलं खाली ठेवून तो सरळ तिच्या कॅम्परपाशी गेला, वरचा पट्टा सोडला आणि वाकून पहिली मेख उपटून तिथला पाय हातात धरला.

"हात लावू नका! सरका बाजूला!" ती कुंपणातून बाहेर आली ती तिच्या जुन्या आवाजात ओरडतच.

तो दचकून सरळ उभा राहिला. हातातला पाय सुटला. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत छताखाली शिरला, मोकळी बाजू उचलली गेली, आणि आख्खी दांडी कॅम्परच्या टपाकडे उलटायला निघाली. लीव्हेनने उडी मारून ती दोन्ही हातांनी धरली आणि तिच्यावर अंग टाकून लोंबकळला.

"हँडल, मॅडम! हँडल फिरवा!"

तिने हँडल छताच्या कडीत घातलं. पहिल्यांदा ते निसटलं. एव्हाना पाऊसही आडवा येत होता. ती फिरवत राहिली, तो दांडी धरून पावलापावलाने पुढे येत राहिला, आणि शेवटी कापड कॅम्परच्या कुशीवरच्या पेटीत गेलं तेव्हा दोघं नखशिखांत भिजली होती. दांडीला पेटीशी जोडणारा छताचा डावा धातूचा बाहू कोपरापाशी वाकला होता. छत फाटलं नव्हतं, एवढंच.

"मागच्या वेळीही तुम्हीच?" तिने धापा टाकत विचारलं.

"दोन्ही वेळा."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?" तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. हात पाठीमागे बांधून उभ्या होतात."

तो सांगत गेला, आवाज न चढवता. तीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गेंटजवळ वडिलांची फुलझाडांची बाग, आणि तो अठ्ठावीस वर्षांचा. ट्रकमध्ये अझालियाच्या तीन हजार कुंड्या, इंग्लंडच्या नाताळासाठी, कळ्या धरलेल्या. तिने एकेक कुंडी धक्क्यावर उतरवायला लावली. चार तास. बाहेर गोठवणारी थंडी.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

"माती." तो किंचित हसला. "कळ्या काळ्या पडल्या. गिऱ्हाइकाने माल घेतला नाही. वडिलांनी त्या वर्षी एक काचघर बंद केलं. तुम्ही म्हणालात, जा आता. बस्स, तेवढंच."

याकोमिनाने आठवायचा प्रयत्न केला. चीज आठवलं, शवपेटी आठवली, तिथल्या माणसांचे हातसुद्धा आठवले. अझालिया आठवेनात. जिथे काही सापडलं नव्हतं त्यातलं तिला काहीच आठवत नव्हतं.

"एवढं सगळं मनात असून माझं छत वाचवलंत?"

"वाऱ्यात कापड उघडं टाकलेलं मला बघवत नाही. जन्म गेला काचघरात." त्याने शर्ट पिळला. "आणि ते उडालं असतं तर माझ्याच टपावर आलं असतं, मॅडम."

शुक्रवारी ऊन पडलं. ओलं गुंडाळलेलं छत दोन दिवसांत काळे ठिपके धरतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण बाहू वाकलेला, उघडायला दोन माणसं हवीत. मारिनुस कोडं बाजूला ठेवून उठायला लागला, तशी ती म्हणाली, "तू बस." आणि शेजारच्या दारावर जाऊन टकटक केलं.

लीव्हेन आला. त्याने बाहू गुडघ्यावर धरून शक्य तितका सरळ केला. दोघांनी कापड हळूहळू बाहेर काढलं. तिने कोमट पाणी आणि मऊ ब्रश आणला. पक्ष्यांची घाण, कडेला चिकटलेली वाळू. दोघं दोन टोकांनी पुसत आली.

"साबण नको," तो म्हणाला. "कापडाचं पाणी अडवणं जातं."

"ठाऊक आहे मला." मग थोड्या वेळाने, ब्रश न थांबवता, ती म्हणाली, "माफ करा."

"कालचं की तेव्हाचं?"

"तेव्हाचं मला आठवत नाही. खोटं बोलणार नाही. पण तुम्ही म्हणताय, म्हणजे तसंच झालं असणार."

मारिनुसने कोड्यातून मान वर केली. कागद न बघता, दुसऱ्या कोणाला न विचारता, कोणाचं बोलणं तिने खरं मानलेलं त्याने चाळीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

लीव्हेनने फडकं पिळलं. "वडील असते तर म्हणाले असते, फार उशीर केलात."

"खरं आहे."

"मी वडील नाही," तो म्हणाला, आणि बादलीतलं पाणी बदलायला गेला.

दुपारभर छत उन्हात ताणलेलं राहिलं. तिने तीनदा उठून शिवणींवरून हात फिरवला, पाण्याचा मागमूस नाही ना हे बघायला. तिसऱ्या वेळी लीव्हेन आपल्या दारातून ओरडला, "सुकलंय हो! माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिघंही हसली.

शनिवारी तो निघाला. त्याच्या कॅम्परमागे पाण्याचा नळ आणि पॉपलरचं झाड, मध्ये जेमतेम वाट. याकोमिना मागे जाऊन उभी राहिली आणि हात वर करून खुणा करू लागली: या, या, थोडं डावीकडे, बस. आरशातून तिच्या हातांकडे बघत त्याने गाडी सरळ मागे घेतली. एकदाही उतरून पाहिलं नाही.