जंतू शिकून राह्यले

निंदायला बसलं की एक गवत उपटावं, तर त्याच्या मुळाला धरून दुसरं येतं. किश्शांचंही तसंच आहे. आमच्या तांड्यातल्या बाया दारव्ह्याच्या बाजूच्या शेतांत वर्षानुवर्षं सोबतच कामाला जातो. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली की कोणीतरी सुरू करतं आणि मग थांबत नाही. आधी सासवांचे किस्से असायचे. माझी सून रेखा आशाताई झाली, दवाखान्यातून औषधं आणून घरोघर द्यायला लागली, तेव्हापासून सगळे किस्से जंतूंचे.

*

एकदा रेखा शेतातच आली. म्हणाली, "जंतू सगळेच वाईट नसतात. दही बी जंतूच लावतात."

जमनाच्या हातात तेव्हा दहीभाकरीचा घास होता. जमना आमची शेजारीण. तिच्याकडे म्हैस आहे, म्हणून अर्ध्या तांड्याचं विरजण तिच्या घरून जातं. तिनं घास खाली ठेवला.

"म्हंजे इतके वर्स मी घरोघर जंतू वाटून राह्यली?"

"हाव काकी. पन चांगले."

जमनानं जरा विचार केला आणि घास उचलला. "चांगलेच असतीन, माह्या घरचे हायेत. मंग तुह्या सासूच्या घरी गेल्यावरच दही आंबट काहून होते?"

 रेखाला दवाखान्यात हे काही शिकवलं नव्हतं.

*

आमच्यात एकट्यानं खायची रीत नाही. बोकड कापला तरी घरटी वाटा जातो. गोळ्यांचंही आम्ही तेच केलं होतं. कोणाचा ताप उतरला की उरलेल्या गोळ्या जमनाच्या चहाच्या डब्यात पडायच्या, आणि ज्याला दुखेल तो रंग पाहून उचलायचा. रेखाला तो डबा सापडला. तिनं तो ओट्यावर पालथा घातला.

"काकी, ह्या अर्ध्या काहून ठेवल्या?"

"बरं वाटलं ना. उरलेल्या कोनाच्या तरी कामी येतीन."

रेखा भांडली नाही. तिनं विचारलं, "कपाशीवर औषध कमी मारलं तं अळीचं काय होते?"

हे जमनाला झोपेतही ठाऊक. "कमजोर मरते, तगडी उरते. मंग तगडीचीच पिलावळ. पुढच्या साली त्याच औषधानं आंघोळ करते अन् बोंड खाते."

"जंतूचं तसंच हाय. अर्ध्या गोळ्यांत तगडे उरतात. त्यायले मंग ते औषध लागू होत नाई."

जमनानं त्या ढिगातली एक गोळी उचलून निरखली. मग म्हणाली, "म्हंजे आपुन शाळेत नाई गेलो, अन् जंतूले शिकवून राह्यलो."

*

सकरी माझी धाकटी जाऊ. तिचा खोकला जाईना, पोलकं अंगावर सैल झालं. रेखा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला. तिथल्या तपासणीच्या खोलीतला माणूस भला होता. त्यानं मशीनखालचं चित्र पडद्यावर दाखवलं. निळ्या जमिनीवर बारीक लाल काड्या, इकडे तिकडे पडलेल्या.

सकरीचा कशिदा म्हणजे आसपासच्या तांड्यांत नावाजलेला. ती वाकून बघू लागली. "रंग चांगले घेतले. पन टाके कोनं घातले हे? एक सरळ नाई."

तो माणूस इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मात्र सकरीनं रेखाचा हात धरला.

"मी मरन का वं?"

"पुऱ्या गोळ्या घेतल्या तं नाई मरत, काकी."

*

गोळ्या लागू पडल्या. खोकला थांबला, सकरी खुरपं घेऊन परत ओळीत आली. त्याच सुमारास राळेगावकडची तिची बहीण भेटायला आली, खोकत खोकत. सकरीनं आपल्या गोळ्या पाकिटांतून काढल्या, ओढणीच्या गाठीत बांधून तिला दिल्या. रेखाला रोज रिकामी पाकिटं दाखवत राहिली.

पुढं खोकला परत आला, आणि येताना रक्त घेऊन आला. तपासलं तर पहिलं औषध आता चालत नव्हतं.

रेखा माझ्या चुलीजवळ येऊन रडली. "याडी, मी रोज विचारत होती वं." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, ती मलाही तेच म्हणते.

मी सकरीकडे गेले. चिडूनच गेले होते. ती म्हणाली, "मी का फेकल्या? बहिनीलेच देल्या. मले बरं वाटत होतं, तिले नवतं."

माझा राग तिथंच गळाला.  बहिणीला तपासायला जा म्हणून निरोप धाडला, तर ती म्हणे, मले काय झालं?

*

नव्या गोळ्या जबर होत्या. पोटात ढवळायचं. सकरी तळहातावर गोळ्या घेऊन बसायची आणि तशीच बसून राहायची. रेखानं समजावलं, रागावली, हात जोडले.

सकरी म्हणाली, "सगळ्या पाहून राह्यल्या अन् मी एकटी खाऊन राह्यली. माह्या घशाखाली उतरत नाई."

दुसऱ्या सकाळी जमना लिमलेटच्या गोळ्यांची पुडी घेऊन आली. आम्ही सगळ्याच आलो. रेखानं आम्हाला मोकळ्या अंगणात लांब लांब बसवलं, सकरीला मास्क लावून पलीकडे, वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहील अशी. तिनं सकरीला तिच्या गोळ्या दिल्या, जमनानं आम्हाला आमच्या.

"घ्या वं."

सगळ्यांच्या माना एकदमच वर झाल्या. जमनानं लिमलेट चघळायच्या ऐवजी पाण्यासोबत गिळायला घेतली, ती अडकली, खोकून बाहेर पडली.

सकरी पलीकडून म्हणाली, "थुकू नको. अर्ध्यात सोडलं का जंतू शिकतात."

हसता हसता तिनं पाहिलं, तर तिचा तळहात रिकामा होता.

तेव्हापासून रोज सकाळी तसंच. तांड्यातली पोरं विचारायची, आमच्या आज्यांना झालंय काय?

*

शेवटची तपासणी साफ आली. पडद्यावर निळंच निळं. निंदण जोरात सुरू झालं होतं, हात कमी पडत होते, म्हणून जमना, रेखा आणि मी पहाटेच सकरीच्या दारात गेलो. खुरपं भिंतीला लटकलेलं. सकरी गावाला जायचं लुगडं नेसून, थैली घेऊन बाहेर आली.

जमना म्हणाली, "निंदायले नाई येत?"

"राळेगावले चालली. बहिनीनं तपासून घेतलं. तिच्या गोळ्या सुरू झाल्या."

रेखा म्हणाली, "काकी, तिथं बी आशाताई हाय. रोज घरी येऊन गोळ्या देते ते. तुमी कायले जाता?"

सकरीनं थैलीचं तोंड उघडून तिला आत दाखवलं. लिमलेटच्या गोळ्यांची मोठी पुडी होती.

"देते वं. पन तिच्यासंग खाते कोन?"