उतारावरचं बोलणं

धाटावच्या कंपनीत माझी शिफ्ट सारखी बदलते, त्यामुळे बायकोसोबत निवांत वेळ मिळतो तो रविवारीच. तेव्हा आम्ही मोटारसायकलवरून रामवाडीला तिच्या माहेरी जातो. हायवेवरच्या ट्रकांचा मला वीट आलाय, म्हणून डोंगरातल्या आडरस्त्यानं. जुन्या गाडीच्या फटफटीत मागचं काही ऐकू येत नाही. चढ संपला की मी इंजिन बंद करतो. गाडी नुसती वाहत जाते, सागाच्या सावल्या अंगावरून सरकतात आणि ती खांद्यावर हनुवटी टेकून बोलू लागते. सपाटी आली की गोष्ट अर्धवट राहते.

एकदा न राहवून घरी विचारलं, "पुढं काय झालं?"

चहा गाळता गाळता ती म्हणाली, "ते उतारावरचं हाय. इथं नाय सांगायची."

तेव्हापासून त्या उतारावर माझा पाय ब्रेकवरच असतो.