खिडकीचा गोड रंग

नवरा गेल्यावर मावशींनी राहत्या दोन खोल्यांतच पाळणाघर मांडलं. "माझ्याकडे मुकं पोर आलं तरी बोलकं होऊन जातं," असं त्या म्हणत, आणि त्यात फुशारकी कमी, खरं जास्त होतं. सोबत राहणाऱ्या लेकीची मुलगी, म्हणजे त्यांची नात, तर इतकी बडबडी, की सगळे तिला टकळीच म्हणत.

त्या उन्हाळ्यात खिडक्या रंगवायचं निघालं. रंगाऱ्याने चौकटींवरचे जुनेपुराणे थर पॉलिश पेपरने घासले, खोलीभर पांढुरकी धूळ केली आणि दुसरं मोठं काम मिळताच पसार झाला. मावशी रोज झाडत, रोज पुसत. धूळ काही हटत नव्हती.

मग हळूहळू घर शांत झालं. आधी मावशींना बरंच वाटलं. पोरं भांडेनात, खेळणी ओढेनात. कुणी स्वतःच्या बोटाकडे टक लावून बसे. मधेच एखादं किंकाळी फोडी, शेजारच्याला कडकडून चावे, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत गप्प.

टकळीचे शब्द गळायला लागले. 'फुलपाखरू' गेलं, मग 'चमचा'. चमच्याकडे बोट करून ती नुसतं "ते" म्हणे. एका सकाळी ती मावशींकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "ते."

"घरात काहीतरी आहे बाई," शेजारीण दारातूनच म्हणाली. आत आली नाही.

एका दुपारी मावशींचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पोरांच्या गाद्या रिकाम्या होत्या. सगळी पोरं खिडकीपाशी उभी होती, मावशींकडे पाठ करून, तोंडं चौकटीला लावून. दातांचा बारीक कुरकुर आवाज येत होता. मावशींनी हाक मारली. एकानेही मान वळवली नाही. त्यांनी टकळीचा खांदा धरला, तेव्हा ती वळली. ओठांवर रंगाचे कपचे चिकटले होते.

"गोड आहे," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी दोन शब्द एकत्र आले होते.

मावशींनी चौकटीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. खरंच गोडसर होतं. त्यांनी एकेका पोराला ओढून खिडकीपासून दूर केलं.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. "शिसं आहे. जुन्या रंगात असतं. कपच्यांतून गेलं, धुळीतून गेलं. लहान मुलांच्या मेंदूवरच घाला घालतं ते."

"निघेल ना?"

"रक्तातलं उतरेल. मेंदूचं जे बिघडलंय, ते सगळं भरून येईल असं मी सांगणार नाही."

मावशी स्वतः पोरांच्या आयांकडे, एकेकीच्या दारी गेल्या. एकीने दार लावून घेतलं. दुसरीने विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," मावशी म्हणाल्या. "पोरं शहाणी झाली, असं वाटलं मला."

पाळणाघर बंद झालं. त्या लेक आणि नातीसह दुसऱ्या घरी गेल्या. बाकीची पोरं बरीचशी सावरली. एकाचं पोटदुखणं रेंगाळलं, एकीला अजून अक्षरं लागत नाहीत. टकळी पुन्हा बोलते, पण वर्गात तिचं चित्त ठरत नाही, आणि कधी कधी विनाकारण असा राग चढतो की हाताला येईल ते भिरकावते. मग एकदम थांबते, घाबरून आपल्याच हातांकडे बघते.

"आजी, ते मी नव्हते."

"माहीत आहे मला," मावशी म्हणतात, आणि दोघी खाली बसून सांडलेलं गोळा करतात.