बिनवाशाचं छप्पर

सिमेंट, खडी आणि रेती एकत्र आली की काँक्रीट होतं, आणि चार माणसं एकत्र आली की किस्सा! साठ-सत्तरच्या दशकात मी कर्जत-खालापूर भागात सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा साठा भरपूर. आमची टोळी म्हणजे मी, सेंटरिंगवाला नाना मिस्त्री आणि भाताची कामं आटोपली की आमच्याकडे येणारी गावची माणसं. आमचं एकही बांधकाम आजतागायत वाकलेलं नाही. बढाई वाटत असेल तर वाटू दे!

* * *

साजगावला एका गोदामाचा छज्जा सेंटरिंग, म्हणजे खालचा फळ्या-टेकूंचा आधार, काढताच धाडकन खाली आला. काम आमचं नव्हतं, आम्ही शेजारी पाया खोदत होतो. नशिबाने खाली कुणी नव्हतं. छज्जा भिंतीतून बाहेर अधांतरी असतो, ताण वरून येतो, म्हणून त्याच्या सळ्या वरच्या अंगाला लागतात. त्या काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांनी दबून तळाला गेल्या होत्या.

तेव्हापासून आमच्याकडे छज्जा असला की नाना काठी घेऊन फळीवर बसायचा. एकदा पाहणीला आलेले मोठे साहेबच बोलता बोलता सळ्यांवर चढायला निघाले. नानाने काठी आडवी धरली.

"चढा सायेब. पन मंग टेकू काढताना खाली तुमीच उभं ऱ्हायचं."

साहेब मागे फिरले.

* * *

एका पावसाळ्यात आमचं सिमेंटचं गोदाम गळलं आणि सिमेंटच्या गोणीच्या गोणी दगड झाल्या. आम्ही त्या बाहेर टाकल्या, तर दहिवलीच्या बायकांनी उचलून नदीकाठी मांडल्या, धुणं आपटायला. सगळा माल फुकट गेला म्हणून मी हळहळत होतो. त्यांच्यातल्या एक काकू पिळे पिळता पिळता म्हणाल्या, "फुकट कसा? तुमच्या खात्याचं येवढं मजबूत काम आमी पयल्यांदाच बघतोय!"

* * *

पण खरी कसोटी लागली खालापूरकडच्या एका खेड्यात. तिथल्या शाळेवर कौलांऐवजी स्लॅब घातला, गावातला पहिलाच. जागा दिली होती गणूदादांनी. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारं घर, गावात शब्दाला वजन. साजगावच्या छज्ज्याची बातमी त्यांच्या कानावर गेलेली होती. टेकूंवर उभा असलेला स्लॅब त्यांनी खालून न्याहाळला.

"वासा नाय, आढं नाय. टेकू काढल्यावर धरनार कोन?"

मी म्हणालो, आत लोखंड आहे. ते म्हणाले, दिसत नाय. मी शहाणपणा केला, म्हटलं, देव तरी कुठे दिसतो, दादा?

"देव डोक्यावर पडत नाय. माज्या नातीला मी हितं बसवनार नाय."

आणि गणूदादांची नात बसली नाही तर गावातलं एकही पोर बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढी राबून उभी केलेली शाळा गुरांचा गोठा होणार, या विचाराने मला जेवण जाईना.

मी त्यांना समजावलं की स्लॅब ताकद धरतो ती पाण्याने. वर मातीचे बांध घालून पाणी साठवायचं आणि सुकू द्यायचं नाही. भातशेतीचं गाव, बांध झकास घातले! पण भर उन्हाळा, विहीर तळाला गेलेली. शिडीवरून हंडे चढवून बायका कंटाळल्या, आणि कोपरे सुकायला लागले. दगडाला पाणी पाजून काय मिळणार, असं त्या मला विचारायच्या. गणूदादा बाजूला बसून ऐकत असायचे.

मग मला दुसऱ्या कामावर जावं लागलं. परत आलो तो साहेबांना घेऊनच, तपासणीला. शिडीने वर पोचलो तर स्लॅब पाण्याने डबडबलेला, आणि बांधाबांधांतून भाताचं हिरवंगार रोप! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली गणूदादांकडे.

"मीच पेरलं," ते म्हणाले. "शिमिटाला पानी घालायचं कुनाच्या ध्यानात ऱ्हात नाय. पन रोप सुकू देईल अशी बाई आमच्या गावात नाय."

टेकू काढायच्या दिवशी सगळा गाव लांब उभा होता. नानाने शेवटचा टेकू पाडला. काहीच झालं नाही. गणूदादा नातीचा हात धरून आत गेले आणि तिला पाटीसकट मधोमध बसवलं. पोर भेदरून वर बघायला लागली.

"वर काय बगतीस गं? आपलंच शेत हाय वर."