पाणी न दिलेला जबडा

नांदुऱ्याच्या एका लेथवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही, भाव पाडला. ज्याला बाजार कळतो त्याला यातला फरक सांगावा लागत नाही.

वस्तू एवढीशी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून माशासाठी खोटी माशी बांधतात, तेव्हा तो गळ धरून ठेवणारा वाइस. धरणावर गळ टाकायचा नाद माझा, पण माशी बांधणारे हात बायकोचे. साड्यांना फॉल लावून तयार झालेली तिची बोटं कोंबड्याचं पीस असं बसवायची की हौशी लोक लांबून फोन करून मागवू लागले. पण गळ धरायला तिच्याकडे होती साधी पकड, मुठीला रबर गुंडाळलेली. दुसरी बाजू पाहायची तर अख्खं अंग वाकवायचं. मान धरायची. म्हणून फिरता वाइस हवा होता. त्याचं मुंडकं फिरवलं की गळ जागच्या जागी फिरतो, बांधणारी सरळ बसते.

मोबाइलवर परदेशी वाइस पाहिले. पण मी पंपाचे सुटे भाग विकून, हातगाडीपासून दुकानापर्यंत आलेला माणूस. नुसत्या फोटोवर पैसे टाकणं मला जमत नाही. तोच फोटो घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने आठवड्यात नमुना काढला.

"पाहा भाऊ, लोण्यावानी फिरून राह्यलं."

"फिरलं त फिरलं. जबड्याले पाणी दिलं का मिस्त्री?"

त्याने गळ धरणाऱ्या जबड्यावर कानस ओढली. काचेवरून जावी तशी ती घसरली. तापवून पाणी दिलं की पोलाद कडक होतं, त्यावर कानस अशीच घसरते. मऊ लोखंड असलं तर खाते. माझं समाधान झालं. मग मी भाव केला. दोनदा उठलो. दुसऱ्यांदा गाडीला किक मारली, तेव्हा मागून हाक आली.

"तुमच्यासंगं कोन डोकं लावंल! घ्या तुमच्या भावात. पन हा नमुना माह्यापाशी राहू द्या. तुमचा परवा देतो."

परवा दिला. नमुन्यासारखाच काळा जबडा. मी मुंडकं फिरवलं, कान लावला, बेअरिंगचा आवाज स्वच्छ होता. घेऊन निघालो. दुकानात येणारा एकेक शाफ्ट मी कानशीने तपासतो. त्या दिवशी कानस मागितली नाही. निम्म्या भावाची नशा होती.

पाचव्या दिवशी जबड्याच्या काळ्या रंगात एक पांढरी रेघ दिसली. गळाच्या तारेएवढी जाड. मग आवाज सुरू झाला. दोरा ताणला की बारीकसा, टक.

"अहो, हे सुटल्यावानी करून राह्यलं."

"घट्ट कर."

तिने घट्ट केलं. मीही जबड्याचा स्क्रू अर्धा आटा आणखी पिळला. रेघेची खाच झाली. खाच रोज थोडी खोल जायची आणि आवाज रोज थोडा लवकर यायचा. ती दोरा ताणताना एक डोळा मिटू लागली.

"काय, बंदूक चालवून राह्यली का?" मी हसून विचारलं.

"भेव वाटते," ती म्हणाली. हसली नाही.

मोठ्या माशासाठी जाड गळाची मागणी आली होती. जाड गळाला दोरा जोरात ओढावा लागतो. दुपारी मी दारात एका गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आतून टक आवाज आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. आत गेलो तर दोरा तिच्या बोटांत तसाच धरलेला, आणि दोऱ्याच्या टोकाचा गळ उजव्या डोळ्यात. मिटलेला डोळा डावा होता.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. गुरुवारी सोडू, मग बोलू, एवढंच म्हणाले.

घरी येऊन पहिल्यांदा जबड्यावर कानस ठेवली. कानशीने लोखंड खाल्लं. साधं लोखंड तापवून तेलात बुडवून काळं केलेलं. दिसायला पोलाद. वाइस उचलला आणि नांदुरा गाठलं.

"त्या भावात पोलाद बसत नव्हतं भाऊ," लेथवाला म्हणाला. "तुमीच पाडला न भाव."

"पाडला. मंग काळं काऊन केलं?"

त्याने मान खाली घातली आणि मशीन सुरू केली.

भाव परवडत नव्हता तर नाही म्हणायचं. मी चिडलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या, पकडीवरच काम चाललं असतं. तिची मान दुखली असती. मान दुखणं मला चाललं असतं. काळं न करता पांढरा जबडा दिला असता, तरी मी हातात घेताच ओळखला असता. म्हणूनच काळं केलं ना?

'घट्ट कर' मी म्हणालो होतो. त्याचा जाब तिने विचारला आणि तिच्या खाटेशेजारी बसून मी तो दिला. सोपं नव्हतं. आता मिस्त्री, तुमची पाळी. पट्टी गुरुवारी सुटणार आहे. त्याआधी माझ्या घरी या, तिच्यासमोर बसा, आणि काळं का केलं ते तिला सांगा.